मायको सर्कल आणि ट्रकमधून हद्दपार झालेला स्पार्क प्लग

नाशिकमध्ये 'मायको सर्कल' म्हटले की रिक्षावाला पुढचा प्रश्न विचारत नाही. ज्या कंपनीवरून हे नाव पडले, ती 'मोटर इंडस्ट्रीज कंपनी लिमिटेड' २००८ पासून 'बॉश लिमिटेड' झाली. चौकाने मात्र जुने नाव सोडले नाही. जुन्या मिस्त्रींना मायको म्हटले की प्रथम स्पार्क प्लगची डबी आठवते. गंमत अशी की ज्या वस्तूने ट्रकमधला हा प्लग कायमचा काढला, तीच वस्तू नाशिकच्या सातपूरमध्ये घडत होती. हा थ्रेड त्या अदलाबदलीविषयी.

थोडे मागे जाऊ. विजेच्या ठिणगीवर चालणारे इंजिन लेन्वारने १८६० मध्ये केले होते. रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये स्टुटगार्टला लहानशी कार्यशाळा उघडली आणि १९०२ मध्ये त्याचा अभियंता गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. तेथून मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली. भारतात बॉशचे विक्री कार्यालय १९२२ पासून कलकत्त्यात होते; १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणी सुरू केली. त्या काळी रस्त्यांवर धावणारे अमेरिकी ट्रक बहुतांशी पेट्रोलवर चालत, अर्थात प्रत्येकात प्लग होते.

आता खरा प्रश्न : प्लग बदलायचा तर कोणता घ्यायचा? आट्यांचा व्यास आणि लांबी जुळली पाहिजे, हे कुणालाही दिसते. न दिसणारी बाब म्हणजे प्लगची उष्णता-श्रेणी. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तरच त्यावरची काजळी जळून जाते. ते ८५०-९०० अंशांच्या पुढे गेले, तर ठिणगीआधीच मिश्रण पेटते. 'गरम' प्लगमध्ये आतील पांढऱ्या चिनीमातीचे नाक लांब असते, म्हणून उष्णता सावकाश बाहेर जाते. 'थंड' प्लगमध्ये ते आखूड असते. गावात थांबत-थांबत फिरणाऱ्या गाडीला थंड प्लग लावला, तर तो काळा पडून बंद होतो. भरलेला ट्रक गरम प्लगवर कसारा घाट चढू लागला, तर पिस्टनच वितळू शकतो. मालकाच्या दृष्टीने हा फरक केवळ प्लगचा नव्हता, पूर्ण इंजिनाचा होता.

त्यात आकड्यांचा घोळ. बॉशच्या जुन्या पद्धतीत १४५, १७५, २२५ असे आकडे असत. चाचणी-इंजिनात प्लग लालबुंद होऊन अवेळी पेट घेईपर्यंत किती सेकंद लागतात, यावरून ते ठरले होते. म्हणून मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. अमेरिकी चॅम्पियनमध्ये नेमके उलट, मोठा आकडा म्हणजे गरम. पुढे बॉशनेही क्रम फिरवला : १७५ चा ७ झाला, २२५ चा ५. केवळ आकडा पाहून प्लग देणारा दुकानदार किती धोकादायक ठरत असेल, याची कल्पना करा! म्हणूनच चांगला मिस्त्री आकड्यापेक्षा काढलेल्या प्लगच्या रंगावर विश्वास ठेवी. फिका तपकिरी रंग ठीक, काळा म्हणजे काजळी, पांढराफटक म्हणजे अतिउष्णता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि अनेक ट्रक-बसना कोळशाच्या वायूची यंत्रे जोडली गेली. ताकद घटली, राख-डांबर वाढले आणि प्लग साफ करणे हे रोजचे काम झाले. युद्धानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा ताफ्यात शेवरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर, लेलँड, अल्बियन अशा दहा बनावटीच्या गाड्या होत्या. एकाच आगारात इतक्या जातींची इंजिने सांभाळणे ही कसोटी होती. या कारागिरांचा इतिहास कुणी सविस्तर लिहिला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

बदल झाला तो डिझेलमुळे. बॉशने डिझेलचा इंजेक्शन पंप १९२७ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला होता. १९५१ मध्ये बंगळूरला मायको स्थापन झाली. प्लग आणि डिझेलची इंधन-उपकरणे असे दोन्ही माल तिच्या यादीत होते. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला सुरुवात केली. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप तापते आणि फवारलेले इंधन पेट घेते. ठिणगी लागतच नाही. तितक्याच इंधनात ट्रक अधिक पल्ला गाठू लागला आणि मालवाहतुकीचा निकाल लागला. (जुन्या टाटा-मर्सिडीजमध्ये चालू करण्यापूर्वी 'हीटर' तापवावा लागे. तो प्लगच म्हणवला जाई, पण ठिणगीशी त्याचा संबंध नव्हता.)

१९७० च्या सुमारास मायकोने सातपूरला कारखाना उभारला, तो नोझल आणि इंजेक्टरसाठी. नोझलच्या सुईचे माप मायक्रॉनमध्ये मोजावे लागते. इतके काटेकोर काम नाशिकच्या आणि आसपासच्या खेड्यांतील तरुणांनी आत्मसात केले. द्राक्षे-कांद्याच्या जिल्ह्यात कुशल यंत्रकामगारांची एक पिढी घडली, याचे मोठे श्रेय या आणि शेजारच्या कारखान्यांना द्यावे लागेल.

आणि आता सीएनजीचे ट्रक आले आहेत. मिथेन दाबाने सहज पेटत नाही, त्यामुळे ठिणगी पुन्हा आवश्यक झाली आहे. दाब अधिक, म्हणून व्होल्टेजही अधिक लागते, टोकांतील फट कमी ठेवावी लागते. पेट्रोल गाडीचा प्लग उचलून येथे चालत नाही. यांतील बरीच इंजिने मुळात डिझेलचीच. त्यांच्या हेडमध्ये पूर्वी इंजेक्टर जिथे बसे, त्याच भोकात आता बहुधा स्पार्क प्लग बसवलेला दिसतो.