डिझेल पिकअपची शक्ती आणि इंधनमर्यादेचे स्वामित्व : अमेरिकेतील एका तांत्रिक परंपरेचा इतिहास

प्रास्ताविक

डॉज कंपनीच्या १९९४ सालच्या ‘रॅम’ या अवजड पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचे ५.९ लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन बसवलेले होते. हाताने गिअर बदलावयाच्या ट्रकमध्ये या इंजिनाची शक्ती १७५ अश्वशक्ती होती. स्वयंचलित गिअरपेटीच्या ट्रकमध्ये तेच इंजिन १६० अश्वशक्तीचे होते. इंजिनात उणीव नव्हती. स्वयंचलित गिअरपेटीला अधिक टॉर्क, म्हणजे दांड्यावर येणारा अधिक पीळ, सोसणार नव्हता म्हणून कारखान्यानेच इंधनाचा पुरवठा आखडता ठेवला होता. इंजिन काय देऊ शकते आणि त्याला काय देऊ दिले जाते, यांत अंतर असते ते असे. हे अंतर कोणी ठरवावे, या प्रश्नाभोवती अमेरिकेत गेली तीन-साडेतीन दशके जो व्यवसाय, जो छंद आणि पुढे जो न्यायालयीन संघर्ष उभा राहिला, त्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

इंधन, हवा आणि धूर

पेट्रोल इंजिनात चालक पायाने हवेची वाट कमी-अधिक करतो. डिझेल इंजिनात हवा जवळजवळ अनिर्बंध आत येते आणि शक्तीचे नियंत्रण प्रत्येक फेरीत फवारल्या जाणाऱ्या इंधनाच्या मात्रेवर होते. म्हणून डिझेलची शक्ती वाढवणे वरवर पाहता फार सोपे आहे : इंधन वाढवावे. परंतु हवा अपुरी पडू लागली की जास्तीचे इंधन अर्धवट जळते आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. निकासाचे तापमान चढते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळण्याची वेळ येते. यावरील उपाय म्हणजे टर्बोचार्जर. वाया जाणाऱ्या निकास-वायूवर फिरणारा हा पंखा हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले होते. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्सच्या टर्बोचार्जरयुक्त डिझेल मोटारीने ताशी १३८ मैलांच्या वेगाने पात्रता-फेरीत पहिले स्थान मिळवले, पण प्रत्यक्ष शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर तिला थांबावे लागले. टायरांच्या रबराचा कचरा टर्बोचार्जरच्या तोंडाशी अडकला होता. शक्तिवर्धनाच्या इतिहासात असे क्षुद्र अडथळे पुष्कळ भेटतात.

कानशीचे युग

कमिन्सचे ‘बी’ मालिकेतील इंजिन मूळचे शेती व बांधकामाच्या यंत्रांतले. १९८९ साली ते डॉजच्या पिकअपमध्ये आले तेव्हा त्याची शक्ती अवघी १६० अश्वशक्ती होती, पण टॉर्क ४०० पाउंड-फूट होता. घोड्यांची गाडी किंवा गुरांचा ट्रेलर ओढणाऱ्या शेतकऱ्याला हवा होता तो हा पीळ. १९९४ पासून या इंजिनावर बॉशचा पी-७१०० हा सरळ रांगेतला पंप बसू लागला आणि शक्तिवर्धनाच्या परंपरेला तिचे खरे हत्यार मिळाले. या पंपाच्या मागच्या भागात एक छोटी पोलादी पट्टी असे. इंधनाची दांडी किती सरकावी हे तिच्या कडेच्या आकारावर ठरे. झाकणाचा एक स्क्रू सहजी उघडू नये असा मुद्दाम घडवलेला होता. गॅरेजवाल्यांनी तो उघडला, पट्टी पुढे सरकवली, कानशीने घासून तिचा आकार बदलला, कित्येकांनी ती काढूनच टाकली. गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलून इंजिनाला अधिक फेरे घ्यावयास लावले, इंजेक्टर मोठे बसवले. मग क्लच घसरू लागला, स्वयंचलित गिअरपेट्या जळू लागल्या. कारखान्याने १५ अश्वशक्ती का रोखून धरली होती, याचा उलगडा अनेकांना त्या दुरुस्तीच्या बिलातून झाला.

महाराष्ट्रातील हमरस्त्यांच्या कडेला ‘पंप-नोझल’ची पाटी लावून बसणाऱ्या कारागिरांना हे काम परके वाटणार नाही. बॉशच्या परवान्याने बंगळूरच्या मायको कारखान्यात तयार होणारे पंप याच घराण्यातले होते, आणि कमिन्सचे नाव तर १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्समुळे आपल्या परिचयाचे आहे. मात्र आपल्याकडे पंपावरचे काम मुख्यतः डिझेल वाचवण्यासाठी आणि माल ओढण्यासाठी झाले. अमेरिकेत त्याला क्रीडेचे आणि प्रदर्शनाचे रूप आले.

धातूकडून अंकांकडे

१९९४ मध्ये फोर्डच्या ‘पॉवर स्ट्रोक’ इंजिनात आणि १९९८ मध्ये कमिन्सच्या चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनात इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. २००१ साली जनरल मोटर्स व इसुझू यांच्या ६.६ लिटर ‘ड्युरामॅक्स’ने अमेरिकन पिकअपमध्ये ‘कॉमन रेल’ पद्धती आणली. एका समाईक नळीत अतिउच्च दाबाने साठवलेले इंधन केव्हा आणि किती क्षण सोडावयाचे, हे आता आज्ञावलीतील कोष्टके ठरवू लागली. ड्युरामॅक्सची शक्ती ३०० अश्वशक्ती होती, म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या कमिन्सच्या जवळजवळ दुप्पट. कानशीची जागा हातात मावणाऱ्या ‘प्रोग्रॅमर’ने घेतली, निदानाच्या सॉकेटला तो जोडला की कोष्टके पालटत. पूर्वी ज्याला पंप उघडण्याचे कौशल्य नव्हते तो या छंदाबाहेर राही. आता कौशल्य विकत घेता येऊ लागले. २००२ मध्ये गेल बँक्स यांच्या कार्यशाळेत तयार झालेल्या कमिन्स इंजिनाच्या डॉज डकोटा पिकअपने युटा राज्यातील बॉनव्हिल या मिठाच्या मैदानावर ताशी २१७ मैलांचा विक्रम नोंदवला.

विक्रमाचे आकडे गाजले. तथापि या काळातील अधिक अर्थपूर्ण घटना त्यापूर्वीच घडून गेली होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकन शासनाने कमिन्स व कॅटरपिलर यांसह सात अवजड इंजिन-उत्पादकांशी तडजोड केली. चाचणीच्या वेळी इंजिन स्वच्छ चालावे आणि हमरस्त्यावर इंधन वाचवण्यासाठी नायट्रोजन ऑक्साइडे अधिक सोडावीत, अशी आज्ञावली या कंपन्यांनी घातल्याचा शासनाचा आरोप होता. ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दिवाणी दंड ठरला. लपवलेल्या कोष्टकाचा मोह गॅरेजवाल्यांच्या आधी कारखान्यांना पडला होता, ही गोष्ट या विषयावरील चर्चेत सहसा विसरली जाते.

फिल्टर आणि फिर्याद

२००६ पासून अमेरिकेत डिझेलमधील गंधक दशलक्षांत १५ भागांवर आले आणि २००७ पासून नव्या अवजड इंजिनांवर काजळीची अत्यंत कडक मर्यादा लागू झाली. काजळी अडवणारा फिल्टर निकास-नळीत बसला. पुढे नायट्रोजन ऑक्साइडांसाठी युरियाचे द्रावण आले. फिल्टर तुंबतो, तो जाळून साफ करण्यास जादा इंधन लागते, द्रावण थंडीत गोठते, संवेदक बिघडला की संगणक ट्रकचा वेग आपणहून उतरवतो. ऐन हंगामात शेतात ट्रक अडून पडलेल्या मालकाचा संताप खोटा नव्हता. तो ओळखून बाजाराने ‘डिलीट’ नावाचा तोडगा काढला : फिल्टर कापून नळी बसवावयाची आणि फिल्टर नसल्याचे संगणकाला कळू नये अशी आज्ञावली भरावयाची. अशी साधने विकण्यास ‘क्लीन एअर ॲक्ट’मध्ये १९९० पासून स्पष्ट मनाई होती. पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार त्याआधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढली गेली होती.

काहींनी तर धूर हाच उद्देश मानला. मुद्दाम काळे लोट सोडण्याच्या ‘रोलिंग कोल’ या प्रकारावर न्यू जर्सी राज्याने २०१५ मध्ये बंदी घातली. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले होते. ज्या युटामध्ये २००२ चा विक्रम झाला, तेथील सॉल्ट लेक खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवेचा थर डोंगरांमध्ये अडकून राहतो आणि धूर वर जात नाही. तेथील डॉक्टरांच्या एका संघटनेने दूरचित्रवाणीवर गाजलेल्या डिझेल-ट्रकवाल्यांविरुद्ध फिर्याद केली आणि मार्च २०२० मध्ये संघराज्य न्यायालयाने साडेआठ लाख डॉलरहून अधिक दंड केला. ट्रक मालकाचा असला तरी हवा त्याच्या एकट्याची नव्हती. फिर्यादीचे सारे बळ या एका मुद्द्यात होते.

तीन वर्षांनी तीच मर्यादा ओलांडल्याचा आरोप पुन्हा कारखान्यावर आला. २०१३ ते २०१९ या वर्षांच्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपमधील इंजिनांत नियमभंग करणारी आज्ञावली असल्याच्या आरोपावरून कमिन्सने डिसेंबर २०२३ मध्ये १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड मान्य केला. कायद्याच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. कोणी दुष्ट हेतूने वागल्याचा पुरावा आढळला नाही, असे सांगून कंपनीने चूक कबूल करण्याचे टाळले. छोट्या गॅरेजवाल्यांना मात्र याच कायद्याखाली तुरुंगवासही घडला होता. त्यांपैकी वायोमिंगमधील एका मेकॅनिकला राष्ट्राध्यक्षांनी २०२५ मध्ये माफी दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने उत्पादकांना नवी सूचना केली. युरियाचे द्रावण संपताच ट्रकची शक्ती एकदम उतरू नये, अशी रचना २०२७ च्या नव्या डिझेल ट्रकांपासून करावी आणि रस्त्यावरील जुन्या ट्रकांच्या आज्ञावलीतही तसा बदल करावा, असे तीत म्हटले होते.