झोंबलं म्हणजे लागू पडलं?

मांजर भांडून आलं आणि त्याच्या कानामागे ओरखडा दिसला, की घरात पहिला प्रश्न, "ती बाटली कुठाय?" ती बाटली म्हणजे उग्र वासाचं, पाण्यात टाकलं की दुधाळ होणारं जंतुनाशक. लहानपणी आपला गुडघा फुटला की तेच लावायचे. जेवढं झोंबेल तेवढं औषध जालीम, अशी आपली ठाम समजूत. ही समजूत आली कुठून, हे शोधण्यात माझे दोन वीकेंड गेले. पण गोष्ट भलतीच रंजक निघाली.

सोळाव्या शतकात युरोपात बंदुकीच्या गोळीची जखम विषारी मानत आणि तीत चक्क उकळतं तेल ओतत. १५३०च्या दशकात इटलीतल्या मोहिमेवर आम्ब्रुआज पारे या तरुण फ्रेंच शल्यचिकित्सकाचं तेल संपलं. नाइलाजाने त्याने उरलेल्या शिपायांना अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइनचा लेप लावला. काळजीने रात्री बिचाऱ्याला झोप नाही. सकाळी पाहतो तर लेपवाले बऱ्यापैकी आरामात, आणि तेलवाले तापाने फणफणलेले!

मग आला जोसेफ लिस्टर. कार्लाइल गावच्या सांडपाण्यात कार्बोलिक आम्ल घातल्यावर दुर्गंधी गेली आणि त्या कुरणांवर चरणाऱ्या गुरांमधले परजीवीही नाहीसे झाले, असं त्याच्या वाचनात आलं होतं. १२ ऑगस्ट १८६५ला ग्लासगोत त्याने गाडीखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर तेच आम्ल वापरलं. पाय वाचला. म्हणजे माणसांच्या जंतुनाशकाचा एक धागा थेट गाईगुरांपर्यंत जातो, बरं का! लिस्टरचं काम क्रांतिकारक होतं यात वाद नाही. पण घराघरात त्याचा अर्थ एवढाच पोचला, की जखम दिसली की बाटली उघडा.

पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग (हो, पेनिसिलिनवालाच) फ्रान्समध्ये बुलोन्यच्या लष्करी रुग्णालयात होता. त्याने खाचाखोचा असलेली काचेची नकली जखम बनवली आणि दाखवलं, की जंतुनाशक त्या खाचांत पोचतच नाही. वर जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशींना मारतं. त्याचे वरिष्ठ आल्मरॉथ राइट म्हणत होते, मिठाच्या पाण्याने धुवा. आमच्या भाषेत सांगायचं तर, व्हायरस काढायला अँटिव्हायरस टाकला आणि त्याने सिस्टिम फाइल्सच उडवल्या!

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस तसाच फसवा. आपल्याला वाटतं जंतू मरतायत. प्रत्यक्षात आपल्या पेशींतलं आणि रक्तातलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून स्वच्छ जखमेवरही फेस येतो.

आता मांजराकडे येऊ. लिस्टरचं कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. दुधाळ होणाऱ्या बाटलीत बहुधा त्याचाच नातेवाईक क्लोरोझायलेनॉल असतो. असे पदार्थ निकामी करायला यकृताला जे विकर लागतं, त्याचं जनुक मार्जारकुळात मोडलेलं आहे, घरच्या माऊपासून सिंहापर्यंत. त्यातून मांजर जखम चाटणारच. म्हणजे लावलेलं औषध पोटात. आपल्याला नुसतं झोंबतं, ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

"मग आपली हळद?" हा प्रश्न येणारच. मार्च १९९५मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना संस्थेने जुने संदर्भ पुढे ठेवून लढा दिला आणि १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. अभिमानाचीच गोष्ट. पण पेटंट रद्द झालं ते 'हे नवीन नाही' म्हणून. डब्यातली हळद प्रत्येक जखम बरी करते, असा तो निकाल नव्हता. न धुतलेल्या जखमेवर हळद दाबली तर घाण आत राहते आणि वर पिवळा थर, एवढंच.

तर करायचं काय? उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात साधारण एक सपाट चहाचा चमचा मीठ घाला. जखमेभोवतीचे केस जपून कापा आणि या पाण्याने भरपूर धुवा, स्वच्छ कापडाने टिपा. चाटत असेल तर गळ्यात कॉलर. बस्स. माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात नको, पॅरासिटामॉल मांजराला घातक आहे.

हे फक्त वरवरच्या खरचटण्यासाठी. खोल जखम, न थांबणारं रक्त, सूज, पू, किंवा दुसऱ्या प्राण्याचा चावा असेल तर सरळ पशुवैद्य गाठा. मांजराच्या सुळ्याचं भोक वरून लगेच मिटतं आणि आत दोन-चार दिवसांत गळू होतं.

आणि या झटापटीत तुम्हालाच चावलं किंवा बोचकारलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरकडे जा. तिथेही पहिलं काम धुणं हेच. बाटली फडताळातच राहू द्या.