कोठडीतले ‘मेडिकल’ आणि परभणी

अटकेतल्या माणसाला डॉक्टरपुढे उभे करण्याला पोलीस ठाण्यात ‘मेडिकल करणे’ म्हणतात. सरकारी दवाखान्यात हवालदार आरोपीला घेऊन येतो, केसपेपर निघतो, रक्तदाब मोजला जातो, अंगावर जखमा आहेत का ते लिहिले जाते आणि खाली सही-शिक्का होतो. पुढे काही बरेवाईट झाले, तर न्यायालय आधी हाच कागद मागते.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तपासणी आरोपीने मागितली तरच होती. आपल्याला असा हक्क आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसे. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाविषयी पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८३ मध्ये न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांवर दोन गोष्टी बंधनकारक केल्या: आरोपीला मारहाण झाली का ते विचारायचे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क सांगायचा. डी. के. बसू खटल्याच्या निकालाने (१९९६) कोठडीत दर ४८ तासांनी तपासणीची भर घातली.

तरीही सहा वर्षांनी परभणीचा ख्वाजा युनूस बेपत्ता झाला. दुबईत नोकरी करणाऱ्या या २७ वर्षांच्या अभियंत्याला घाटकोपर स्फोटप्रकरणी डिसेंबर २००२ मध्ये अटक झाली. औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. त्याला मारहाण झाली आणि रक्ताची उलटी झाली, असे सोबतच्या अटकेतल्या आरोपीने सांगितले. हा आरोपी स्वतः डॉक्टर होता. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीआयडीने तपास केला, चार पोलिसांवर खटला उभा राहिला आणि २०१२ मध्ये आईला एकूण २० लाख रुपयांची भरपाई मंजूर झाली. मृतदेह मात्र मिळालाच नाही, त्यामुळे शवविच्छेदनाचा प्रश्नच उरला नाही.

कायदा पुढे सरकला. कोठडीतील मृत्यू असो वा बेपत्ता होणे, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी २००६ पासून सक्तीची झाली. २००९ च्या अखेरीस अटकेनंतरची तपासणी न मागता करणे आणि आरोपीच्या प्रकृतीची काळजी घेणे ही कोठडी सांभाळणाऱ्याची जबाबदारी ठरली. १ जुलै २०२४ पासून हीच कलमे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आली.

त्याच वर्षी १० डिसेंबरला परभणीत रेल्वे स्थानकाबाहेर डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्याने मारहाणीचा इन्कार केला होता आणि त्याला श्वसनाचा आजार होता, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाचा प्राथमिक अभिप्राय वेगळा होता: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. १९८३ चा प्रश्न विचारला गेला होता खरा; पण ज्यांच्या ताब्यात आहोत त्यांच्याबद्दल त्यांच्याच पहाऱ्यात उत्तर द्यायचे, ही अडचण त्या प्रश्नाच्या जन्मापासूनची आहे.

दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, पण अहवालानंतर पुढे काय, याची तरतूद संहितेत नाही, हा मुद्दा सोमनाथच्या आईच्या वतीने प्रकाश आंबेडकरांनी उच्च न्यायालयात मांडला. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला ते आव्हान फेटाळले गेले.