थांबावं कुठं, खेळावं कुठं

मी असोद्याहून बोलते आहे. मागच्या वेळी आपण बचत गटाच्या वह्या कशा लिहायच्या ते पाहिलं. आज विषय थोडा वेगळा आहे, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचा. पण शेवटी गाडी आपल्या गटाच्या पेटीपाशीच येणार आहे.

2000 साल आठवतं का? त्या जुलैत ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं. मी तेव्हा शाळेत होते. रात्री नऊला ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्या ओसरीवर आम्ही सगळे जमायचो. मूळ खेळ इंग्लंडचा, तिथे तो 1998 मध्ये सुरू झाला होता. आपल्याकडे अमिताभ बच्चन यांनी तो घरोघरी नेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले आणि मराठी घरांत दिवाळीआधीच दिवाळी झाली. 2013 मध्ये हाच खेळ ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने आपल्या भाषेतही आला.

आणि मग आला 2019 चा सप्टेंबर. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे त्या खुर्चीवर बसल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणारी बाई, महिन्याचं मानधन 1,500 रुपये. त्यांनी 1 कोटी जिंकले. पुढचा प्रश्न 7 कोटींचा होता. उत्तराची खात्री नव्हती, म्हणून त्या थांबल्या आणि 1 कोटी घेऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या बैठकीत वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, "बरं केलं." काहीजणी म्हणाल्या, "इतकं आलं होतं, एक डाव लावायचा होता." मी बीए झालेली, हिशेबाची हौस. मी वही काढली आणि सांगितलं की हिशेबाने बघाल तर त्यांनी खेळायला हवं होतं.

माझा हिशेब असा होता. त्या खेळात दोन पक्के टप्पे होते, 10 हजार आणि 3 लाख 20 हजार. 7 कोटींचं उत्तर चुकलं तर माणूस 3 लाख 20 हजारांवर येतो. पर्याय चार. समजा चार बायांनी डोळे मिटून चार वेगवेगळी उत्तरं दिली. एकीला 7 कोटी आणि तिघींना 3 लाख 20 हजार मिळतील. एकूण झाले 7 कोटी 9 लाख 60 हजार. चौघींत वाटले तर प्रत्येकीला 1 कोटी 77 लाख 40 हजार. म्हणजे 1 कोटीपेक्षा जास्तच!

आकडे बरोबर होते. चूक दुसरीकडे होती आणि ती मला फार उशिरा कळली. त्यासाठी थोडं मागे जाऊ या.

शक्यता मोजायच्या तर आधी किती प्रकार होऊ शकतात ते मोजता यायला हवं. ही विद्या आपल्या खानदेशाला परकी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली. त्यात एक गणित आहे, विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे येतील? उत्तर आहे 24. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो शिलालेख पाटणच्या देवळात आहे.

पैजेचा हिशेब मात्र युरोपात उभा राहिला. 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना पत्रं लिहिली. डाव अर्धवट मोडला तर मांडलेले पैसे कसे वाटायचे, हा प्रश्न होता. तिथून सरासरीचा हिशेब रुजला, जो मी वहीत केला होता.

1738 मध्ये डॅनियल बर्नोली नावाच्या गणितज्ञाने त्यातली खोट दाखवली. त्याने विचारलं की एका फार गरीब माणसाला सोडतीचं तिकीट सापडलं. निम्मी शक्यता 20 हजार मोहरांची, निम्मी काहीच नाही अशी. सरासरी 10 हजार. कोणी ते तिकीट 9 हजारांना मागितलं तर त्याने विकावं का? बर्नोली म्हणाला, विकलं तर त्यात वेडेपणा नाही. आणि श्रीमंताने ते 9 हजारांना घेतलं तर त्याचंही चूक नाही. रुपया तोच, पण प्रत्येक घरात त्याचं वजन वेगळं. शंभरवालीला आणखी शंभर मिळाले तर जेवढं बरं वाटेल, तेवढंच बरं वाटायला लाखवालीला आणखी लाख लागतात.

आता हा काटा लावून बबिताताईंचा हिशेब पुन्हा मांडू. खेळायचं असेल तर उत्तराची खात्री किती हवी? साध्या सरासरीने शंभरात 14 पुरते. बर्नोलीच्या रीतीने, घरी दुसरी पुंजी नाही असं धरलं तर, शंभरात 64 लागते. चारपैकी दोन पर्याय कोणी पुसून दिले असते तरी खात्री 50 च झाली असती. म्हणजे तरीही थांबणंच शहाणपणाचं. वर्षाला 18 हजारांच्या मानधनाने पाहा, पणाला लागले होते 96 लाख 80 हजार, म्हणजे जवळपास 538 वर्षांची कमाई. त्यात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वरचे अधिभार असतात, तेही बरेचजण हिशेबात धरत नाहीत.

पण मैत्रिणींनो, सगळीकडे थांबणं हेही गणित चुकणंच आहे. त्या खेळात 3 लाख 20 हजारांच्या पक्क्या टप्प्यावर आल्यावर पुढचा प्रश्न 6 लाख 40 हजारांचा असे. तो चुकला तरी हातचं काही जात नसे. तिथे उत्तर येत नाही म्हणून घाबरून खेळ सोडणं म्हणजे फुकटची संधी टाकणं. तिथे अंदाजानेही बोलावं.

आता आपल्या पेटीकडे येते. एका उन्हाळ्यात आमच्या गटाकडे बिबड्या-पापडांची मोठी मागणी आली. व्यापारी म्हणाला, माल आधी द्या, पैसे नंतर. शिल्लक 80 हजार होती आणि सगळीच लावावी लागणार होती. मी वही काढून म्हणाले, "चारातले तीन व्यापारी पैसे देतातच, सरासरीने फायदाच आहे." आमच्यातल्या एक मावशी, शाळेची पायरी न चढलेल्या, म्हणाल्या, "आन् चौथाच निघाला तं? ताई, तुह्या वहीत चार येपारी हायेत, दारात तं एकच उभा हाये."

मी गप्प झाले. माझी चूक हीच होती. टीव्हीवरच्या त्या चार बाया जिंकलेले पैसे कधी वाटून घेत नाहीत. ज्या त्या एकट्याच बसतात, एकदाच खेळतात. सरासरी खरी होते ती वाटून घेणाऱ्यांची. बारा बायांनी बारा धंदे केले, एकीची शेळी मेली, दुसरीचं दुकान चाललं, तर गट सावरून घेतो. गटाचं बळ तेच आहे. पण गटाची सगळी पेटी एकाच व्यापाऱ्यावर लावली की बारा बाया मिळून एकच खेळाडू होतो.

आम्ही मग 40 हजारांचाच माल केला आणि निम्मे पैसे आगाऊ मागितले. व्यापारी आधी कुरकुरला, मग देऊन गेला. उरलेले 40 हजार आजारपण आणि पेरणीच्या अडीअडचणीसाठी बाजूला ठेवले. तो आमचा पक्का टप्पा. त्याला हात लावायचा तर सगळ्यांच्या सह्या लागतात. आणि गंमत अशी की तो बाजूला पडल्यापासून, कर्ज नको म्हणणाऱ्या दोघीतिघींनी शेळ्यांसाठी कर्ज उचललं. पायाखाली जमीन आहे म्हटल्यावर पाऊल टाकायची भीती गेली.

तेव्हा पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, हे सगळं बुडालं तर आपण कोणत्या पायरीवर येऊन पडू? ती पायरी आधी बांधा, आकडा वहीत लिहा. तिच्या वरचं धीटपणे खेळा, तिच्या खालचं पणाला लावू नका. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.