पळीभर तेल आणि अभ्यंकरांचं बीजगणित



मागं आमच्या एका गटाच्या बैठकीत नववीतल्या पोरीची आई म्हणाली, "एक्स नि वाय शिकून तिला काय करायचंय? पैशाचा हिशेब आला की झालं." आणि त्याच बैठकीत, घटकाभरानं, तिनंच एक हिशेब तोंडी सोडवला. शेकडा दीड रुपयानं महिन्याला 300 रुपये व्याज येतंय, म्हणजे मुद्दल 20,000. वहीत न दिसणारं मुद्दल तिनं व्याजावरून हुडकलं. यालाच बीजगणित म्हणतात, पण त्या वेळी हे तिला सांगायचं आम्हाला सुचलं नाही. म्हणून आज एका मराठी माणसाची गोष्ट सांगतो. शाळेतल्या या बीजगणितावर त्यांचा जन्मभर विश्वास होता.

श्रीराम शंकर अभ्यंकर. जन्म 22 जुलै 1930, उज्जैनचा, वाढले ग्वाल्हेरला. वडील गणिताचे प्राध्यापक, म्हणजे घरातच गणित. आपल्या पोरींना ते कुठून मिळणार, हे आम्हालाही कळतं. मुंबईत बी.एस्सी. करून ते 1951 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथं ऑस्कर झारिस्की नावाचे मोठे गुरू भेटले, आणि एक अवघड प्रश्नही मिळाला.

तो प्रश्न असा समजून घ्या. एक तार हातात धरून मजेत वाकवा, कुठंही गाठ नको, मोड नको. आता ती दिव्यापुढं धरा. भिंतीवर जी सावली पडते तिच्यात रेघ रेघेला कापते, कुठं टोकही निघतं. तार सरळसोट, पण सावलीत गुंता. गणितातलं समीकरण कागदावर काढलं की अशाच गुंत्याच्या जागा दिसतात. प्रश्न उलटा आहे: फक्त सावली हाती आहे, तर तिच्यामागची गुळगुळीत तार शोधून देता येईल का? रेघेच्या बाबतीत हे येत होतं. पत्र्यासारख्या पसरट आकारांसाठी, म्हणजे पृष्ठभागांसाठी, झारिस्कींनी आपल्या नेहमीच्या संख्यांमध्ये ते करून दाखवलं होतं.

"नेहमीच्या संख्या" म्हटलं, कारण दुसऱ्याही असतात. आठवडी बाजाराचं बघा. आज बाजार, 7 दिवसांनी परत बाजार. वाराच्या हिशेबात 7 म्हणजे शून्यच, आणि 5 अधिक 4 म्हणजे 2. अशा फिरत्या संख्यांच्या जगात गणितातली रोजची हत्यारं बोथट होतात. तिथं पृष्ठभागाचा गुंता सुटतो का, हे कुणाला माहीत नव्हतं. अभ्यंकरांनी तो सोडवला. 1955 मध्ये त्यावर डॉक्टरेट मिळाली, 1956 मध्ये काम छापून आलं, तेव्हा वय पंचविशीतलं. पुढं 1966 मध्ये आणखी एक मिती वाढवून त्यांनी बराच भाग पार केला. त्याच्यावरच्या मितींचा प्रश्न या फिरत्या संख्यांमध्ये अजूनही सुटलेला नाही.

1957 साली त्यांनी आणखी एक अंदाज मांडला होता, समीकरणांच्या आत लपलेल्या सममितीबद्दल. तो खरा असल्याचं 1994 मध्ये फ्रान्सचे रेनो आणि अमेरिकेचे हार्बाटर यांनी सिद्ध केलं. मधे 37 वर्षं गेली! आम्हाला यातलं पुढचं जास्त आवडतं. अंदाज खरा ठरला म्हणून अभ्यंकर हात झाडून बसले नाहीत. अमुक सममितीचं समीकरण असतं, एवढ्यानं त्यांचं समाधान नव्हतं. ते समीकरण प्रत्यक्ष लिहून दाखवायचं, तेही साधं, सुटसुटीत, हे काम त्यांनी साठीनंतर मन लावून केलं. पुरण होतं म्हणणं वेगळं आणि पाट्यावर वाटून दाखवणं वेगळं.

शाळेतल्या बीजगणितानंच पुष्कळ काही साधतं, असं ते ठासून म्हणत. भूमितीच्या इतिहासावरच्या त्यांच्या एका निबंधाला 1978 साली अमेरिकेतलं शोव्हने पारितोषिक मिळालं. त्यातही हेच सांगणं आहे.

नोकरी अमेरिकेत, पर्ड्यू विद्यापीठात. पण 1976 मध्ये त्यांनी पुण्यात गणिताची संस्था काढली आणि नाव दिलं भास्कराचार्य प्रतिष्ठान. शाळेतल्या मुलामुलींनाही तिथं गणित शिकवलं जातं. नाव का, ते बघायला 800 वर्षं मागं जावं लागतं.

भास्कराचार्यांनी 1150 साली "लीलावती" लिहिली. त्यातली गणितं एका मुलीला विचारलेली आहेत. ती त्यांची लेक होती असं लोक सांगतात. त्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यांनी चाळीसगावजवळ पाटण इथं मठ काढला. 1207 चा शिलालेख तिथं आहे, आणि मठ कशावर चालायचा हे त्यात जुन्या मराठीत कोरलंय. जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांमागं पळी पळी तेल. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. बाजाराच्या उत्पन्नातला वाटा.

म्हणजे बघा, गणिताची शाळा गावानं थेंबाथेंबानं उभी ठेवली होती, आपल्या मासिक बचतीसारखी. घाण्याशी राबणाऱ्या बाईला त्या मठात कुणी बसू दिलं असतं असं आम्हाला वाटत नाही. तेल मात्र तिच्याही घरचं गेलं असणार.

अभ्यंकर 2 नोव्हेंबर 2012 रोजी वारले. वय 82. सकाळपासून घरी गणित करत खुर्चीत बसले होते, तसेच गेले.

लातूरकडं क्लासची फी भरताना, नांदेडला पोरीला वसतिगृहात ठेवताना आपण टक्के विचारतो. टक्के हवेतच, पण तिला काय अडलं हेही विचारत जाऊ. पुढच्या बैठकीला आम्ही नववीच्या पुस्तकातला बहुपदीचा धडा वाचायला घेणार आहोत, व्याजाची वही शेजारी ठेवून. त्या ताईंना निरोप दिलाय, लेकीला घेऊन या म्हणून.