पळसदेव

पळसदेव : पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव. पुणे-सोलापूर महामार्गावर, भिगवण व इंदापूर यांच्या दरम्यान. आजची वस्ती पुनर्वसित असून मूळ गावठाण उजनी जलाशयात (यशवंतसागर) बुडालेले आहे.

उजनी धरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, बांधकाम 1969–80. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, पैकी निम्म्याहून अधिक (सु. 63 टीएमसी) मृतसाठा. उपयुक्त साठा संपून धरण ‘मायनस’मध्ये गेले तरी फुगवट्यात पाणी बरेच उरते, जुने पळसदेव उघडे पडायला पातळी त्याहीखाली जावी लागते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे 60 टक्क्यांच्या आसपास उतरली, तेव्हा जुन्या गावठाणातील पळसनाथाचे मंदिर पाहायला गर्दी लोटली.

मंदिर : मंडप व गाभारा पाषाणाचे, शिखर विटांचे व भूमिज धाटणीचे. काळाबद्दल मतभेद आहेत. उत्तर चालुक्य ते यादव या टप्प्यात ते सामान्यतः ठेवतात. ‘हेमाडपंती’ हे लोकांतील नाव येथेही चालते, मात्र त्यावरून काळ ठरत नाही. परिसरात वीरगळ व सतीशिळा आढळतात. विस्थापनाच्या वेळी शिवलिंग नव्या गावातील मंदिरात नेल्याचे सांगतात. सततच्या पाण्यापेक्षा पाण्याचा चढउतार वास्तूला अधिक घातक : चुना धुपतो, भिजलेली वीट उन्हात सुटते, लाटांचा मारा दरवेळी वेगळ्या थरावर बसतो. दगडी भाग त्या मानाने टिकून आहे. मोजणी व छायाचित्रण टंचाईच्या उन्हाळ्यांतच शक्य होते. त्यामुळे उपलब्ध नोंदी तुटक आहेत आणि त्यांत वास्तूपेक्षा पर्यटकच अधिक दिसतात. गावठाणातील घरांच्या जोत्यांची मांडणी अभ्यासण्याजोगी आहे; जलाशयातील बुडित गावांचा विचार मात्र बहुधा मंदिरापाशीच थांबतो.

लोकजीवन : ऊस, मासेमारी, पाणी ओसरल्यावर गाळपेर.

परिसर : काठच्या भिगवण येथे मासळीचा मोठा बाजार भरतो, चिलापी मुबलक. कुंभारगाव येथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात व मच्छीमारांच्या होड्या पर्यटकांना फिरवतात. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत व पुढे याच जलाशयात उतरते. फुगवट्याने तुटलेल्या इंदापूर व करमाळा तालुक्यांतील गावांची ये-जा अद्याप बऱ्याच अंशी होडीवर आहे. मे 2024 मध्ये कुगाव-कळाशी मार्गावर होडी उलटून सहा जण दगावले. डिकसळ येथील जुना रेल्वेपूल मार्ग बदलल्यानंतर रस्त्यासाठी वापरला गेला.

तालुक्यातील निरा-नरसिंहपूर (भीमा-निरा संगम) धरणाच्या खालच्या अंगाला असल्याने बुडितात गेले नाही.