पश्चिम किनाऱ्यावरील घर आणि चार्ल्स कोरिया

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर घराची रचना करताना एक जुना पेच सोडवावा लागतो: समुद्राचा वारा आणि समुद्राचे दर्शन पश्चिमेकडून मिळते, परंतु दुपारचे कडक ऊन आणि पावसाची झोडही त्याच बाजूने येते. कोकणातील घरांनी पडवीच्या आणि मुंबईतील जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवतीच्या व्हरांड्याच्या आधारे हा पेच सोडवला होता. बहुमजली इमारतींच्या काळात चौरस फुटांच्या हिशेबात ही मधली जागा मागे पडू लागली असताना तिला आधुनिक वास्तुकलेत, म्हणजे काँक्रीटसारख्या नव्या साहित्यावर आणि अलंकरणमुक्त, भौमितिक आकारांवर उभ्या असलेल्या परंपरेत, पुन्हा स्थान मिळवून देणे हे चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या कारकिर्दीचे एक प्रमुख सूत्र आहे.

सिकंदराबाद येथे गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या कोरिया यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयानंतर मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी येथे शिक्षण घेतले व १९५८ मध्ये मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. उष्ण हवामानात माणूस दिवसाच्या आणि ऋतूच्या मानाने घरातल्या घरात जागा बदलत राहतो, म्हणून अंगण, ओसरी आणि गच्ची यांसारख्या आकाशाला खुल्या जागा ही चैन नसून घराचा उपयुक्त भाग असतात, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला.

या विचाराची सर्वांत धाडसी कसोटी म्हणजे मुंबईच्या कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ ही इमारत होय. १९७० मध्ये आराखड्यापासून सुरू झालेले आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेले हे काम वास्तुविशारद प्रवीणा मेहता यांच्या सहकार्याने झाले. सुमारे ८४ मीटर उंचीच्या या मनोऱ्यात ३२ सदनिका असून प्रत्येक सदनिका पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार जाते, त्यामुळे वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. कोपरे कोरून काढावेत तशा दोन मजले उंचीच्या बागवजा गच्च्या तेथे केल्या असून, त्यांच्या खोलीमुळे ऊन आणि पाऊस राहत्या खोल्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. या गच्च्यांचे अधांतरी भाग, ज्यांचा विस्तार काही ठिकाणी सहा मीटरांहून अधिक आहे, मधल्या काँक्रीटच्या गाभ्याने तोलून धरले आहेत. जुन्या बंगल्याचा व्हरांडा येथे उभ्या दिशेने रचला गेला.

केरळमधील कोवळम येथील विश्रामस्थानात (१९६९–७४) त्यांनी खोल्या टेकडीच्या उतारात बसवून माथ्याचे निसर्गरूप राखले, तर गोव्यातील वेरें येथील घरांत खुल्या जागांचे सूत्र लहान प्रमाणावर हाताळले.

मात्र हा विचार श्रीमंतांपुरता राहिला नाही, यातच त्याचे खरे मोल आहे. १९६४ च्या सुमारास कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला आणि ते उभारण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाचे प्रमुख वास्तुविशारद म्हणून कोरिया यांनी त्या दशकाच्या पूर्वार्धात काम पाहिले. पुढे याच नव्या शहरातील बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी रचलेल्या वसाहतीत सात घरे सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीच्या सामाईक अंगणाभोवती येतात आणि असे तीन गट मिळून आणखी मोठे अंगण घडवतात. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरांचे असल्याने गरीब आणि सुस्थित कुटुंबांच्या वाट्याला आलेल्या जमिनीत फारसा फरक राहिला नाही. शिवाय घरे परस्परांपासून सुटी ठेवल्यामुळे प्रत्येकाला ऐपतीप्रमाणे वाढवता येत होती. पुढील काळात अनेक रहिवाशांनी ती पाडून मोठी केली आणि मूळ उतरती छपरे बरीचशी नाहीशी झाली, तरी वाढीची मुभा हाच आराखड्याचा गाभा असल्याने त्याला योजनेचे अपयश म्हणता येत नाही.

बंद काचेच्या आणि वातानुकूलन यंत्रांवर विसंबलेल्या मनोऱ्यांनी आज मुंबईचा किनारा भरत चालला आहे. अशा वेळी पडवी आणि अंगण यांना बांधकाम नियमांत व घरांच्या किमतीत पुन्हा मान्यता मिळणे, ही स्मरणरंजनाची नव्हे तर हवामानाची आणि न्यायाची निकड आहे.